परिसणे: पोथीत उरलेले एक क्रियापद

शिवलीलामृताच्या प्रत्येक अध्यायाच्या शेवटी तीच एक ओवी थोड्या फरकाने पुन्हा येते. पहिल्या अध्यायाचा शेवट असा आहे: ‘शिवलीलामृत ग्रंथ प्रचंड । स्कंदपुराण ब्रह्मोत्तरखंड । परिसोत सज्जन अखंड । प्रथमोऽध्याय गोड हा ॥’ ज्या घरांत ही पोथी वाचली जाते तेथे ही ओळ लहानपणापासून कानांवर पडते, पाठही होते. मात्र तिच्यातील ‘परिसोत’ या शब्दाचा नेमका अर्थ विचारला, तर पुष्कळ जण थबकतात. कोणाला लोखंडाचे सोने करणारा परीस आठवतो, तर कोणाला वाटते की सज्जन परिसासारखे व्हावेत असे कवी म्हणत असावा. अर्थ त्याहून साधा आहे. ‘परिसणे’ म्हणजे ऐकणे, आणि ‘परिसोत सज्जन अखंड’ म्हणजे सज्जन लोक हे सदैव ऐकोत.

बोलण्यातून हे क्रियापद पूर्णपणे गेले आहे. ‘मी काल व्याख्यान परिसले’ असे आज कोणी म्हणत नाही, आणि म्हटलेच तर ऐकणाऱ्याला ते कृत्रिम वाटेल. जुन्या मराठीत मात्र हा अगदी रुळलेला शब्द होता, आणि ज्ञानेश्वरीपासून अठराव्या शतकातील श्रीधरकवींपर्यंतचे मराठी काव्य वाचायचे असेल, तर त्याच्याशी ओळख करून घेतल्यावाचून चालत नाही. ही ओळख केवळ शब्दार्थापुरती असू नये, असे मला वाटते. ‘परिसणे’ म्हणजे ‘ऐकणे’ एवढे कोशासारखे सांगून थांबलो, तर तो शब्द जे काम करत होता ते आपल्या लक्षातच येत नाही.

आधी त्याची रूपे पाहू, कारण वाचकाची पहिली अडचण रूपांपाशीच होते. सर्वांत जास्त भेटणारे रूप ‘परिसा’ हे आहे. ते आज्ञार्थाचे अनेकवचन, म्हणजे आजचे ‘ऐका’. एकाच व्यक्तीला सांगायचे असेल तर ‘परिसें’ किंवा ‘परिस’ असे रूप येते. याच क्रियापदाचे एक लांब रूप ‘परियेसणे’ असे आहे आणि त्याचे ‘परियेसा’, ‘परियेसीं’ हे आज्ञार्थ पोथ्यांत विपुल आहेत. ‘परिसोनि’ किंवा ‘परिसोन’ म्हणजे ऐकून, ‘परिसतां’ म्हणजे ऐकताना किंवा ऐकले असता, ‘परिसावें’ म्हणजे ऐकावे, आणि ‘परिसविणे’ म्हणजे दुसऱ्याला ऐकवणे. ही यादी परकी वाटण्याचे कारण नाही. मूळ धातू ‘परिस’ एवढाच लक्षात ठेवला आणि त्यापुढे ‘करा, करोनि, करितां, करावें’ यांचे ओळखीचे प्रत्यय लावले, की सगळी रूपे आपोआप उलगडतात.

‘परिसोत’ या रूपाकडे मात्र थोडे थांबून पाहायला हवे. ‘येवोत’, ‘नांदोत’, ‘मिळोत’ या रूपांच्या पंक्तीतले हे रूप आहे. तृतीय पुरुषी अनेकवचनाचा हा आज्ञार्थ असला, तरी त्यात आज्ञा नसते, इच्छा असते. पसायदानात ‘भूतां परस्परें पडो’, ‘विश्व स्वधर्मसूर्यें पाहो’, ‘जो जें वांछील तो तें लाहो’ अशी जी एकवचनी रूपे येतात, त्यांचेच अनेकवचन या ‘परिसोत’मध्ये आहे. त्यामुळे ‘परिसा’ आणि ‘परिसोत’ यांत मोठा फरक पडतो. ‘परिसा’ असे म्हणणारा कवी समोर बसलेल्या माणसांशी बोलत असतो, तर ‘परिसोत’ असे म्हणताना त्याची नजर त्या बैठकीच्या पलीकडे, अजून यायच्या असलेल्या श्रोत्यांकडे लागलेली असते. श्रीधरांनी ही ओळ लिहिली 1718 च्या सुमारास, आणि तेव्हापासून ज्याने ज्याने ती ऐकली तो प्रत्येक जण त्या ‘परिसोत’च्या कक्षेत येत गेला. ‘अखंड’ हा शब्द तेथे केवळ ‘खंड’शी यमक जुळावे म्हणून आलेला नाही, असे मी मानतो.

आता या क्रियापदाच्या अर्थाची छटा पाहू. आजच्या ‘ऐकणे’ या एकाच शब्दावर आपण फार मोठा भार टाकलेला आहे. आवाज कानांवर पडणे म्हणजे ऐकू येणे, मन लावून श्रवण करणे म्हणजेही ऐकणे, सांगितलेले मानणे म्हणजेही ऐकणे. ‘मुलगा माझे ऐकत नाही’ या वाक्यात कानांचा काहीच संबंध नसतो. ‘ऐकून घेणे’ म्हटले की बोलणी खाणे असाही अर्थ निघतो. शिवाय ‘ऐकीव’ आणि ‘ऐकिवात’ या शब्दांत ज्याची खात्री नाही अशा माहितीची सूचना असते. ‘परिसणे’ या शब्दाभोवती असा पसारा दिसत नाही. त्यात कोणीतरी काहीतरी सांगत आहे आणि दुसरा ते ग्रहण करत आहे, एवढाच संबंध असतो. परिसायला सांगणारा लागतो. नुसता आवाज परिसला जात नाही, सांगणे परिसले जाते.

ही छटा दाखवणारे सर्वांत बोलके उदाहरण मला तुकोबांच्या एका अभंगात आढळते, आणि ते भक्तीच्या उंच सुरातले नसून अगदी घरगुती आहे. ‘आवा चालली पंढरपुरा’ असा तो अभंग. ही आवा नावाची सासू पंढरीला निघते, पण वेशीपासूनच घरी परत येते आणि सुनेला बजावू लागते: ‘परिसे गे सुनेबाई । नको वेचूं दूध दही’. येथे कथा नाही, पुराण नाही, श्रोत्यांची सभा नाही. दूधदही खर्चू नकोस असे सांगण्यासाठी सासूने वापरलेला हा शब्द आहे. म्हणजे ‘परिसणे’ हा केवळ पोथीसाठी राखून ठेवलेला भारदस्त शब्द होता, ही समजूत बरोबर नाही. पोथीतच तो उरला, म्हणून आज आपल्याला तो पोथीचा वाटतो.

त्याच अभंगात पुढे आणखी एक गोष्ट घडते. सून शांतपणे म्हणते की तुम्ही सुखाने यात्रेला जा, मागची आशा सोडा. हे शब्द ऐकून सासूच्या मनात शंका येते, आणि तेथे तुकोबा म्हणतात: ‘सुनमुखीचें वचन कानीं । ऐकोनि सासू विवंची मनीं’. सासू सुनेला सांगते तेव्हा ‘परिसे’, आणि सुनेचे बोलणे सासूच्या कानांवर पडते तेव्हा ‘कानीं ऐकोनि’. एकाच कवीने एकाच रचनेत हे दोन शब्द दोन ठिकाणी योजले आहेत. पहिल्या ठिकाणी सांगणाऱ्याचा आग्रह आहे आणि दुसऱ्या ठिकाणी ऐकणाऱ्याचा अनुभव आहे. यावरून कडक नियम बांधणे योग्य नाही, कारण ज्ञानेश्वरीत आवाहनासाठीही ‘ऐका’ असे सहज येते. तरीही ‘परिसणे’ या क्रियापदाचा कल सांगणाऱ्याच्या बाजूने होणाऱ्या विनवणीकडे आहे, एवढे यातून नक्की दिसते.

पोथ्यांमध्ये हा शब्द इतका का टिकला, याचे एक कारण ओवीच्या घडणीत आहे. ग्रंथातील ओवीचे सामान्यतः चार चरण असतात. त्यांतल्या पहिल्या तिघांचे यमक जुळते आणि चौथा चरण यमकातून मोकळा असतो. ज्ञानेश्वरीत तर तो इतरांहून आखूडही असतो. गुरुचरित्राच्या चौदाव्या अध्यायाची पहिली ओवी पाहा: ‘नामधारक शिष्य देखा । विनवी सिद्धासी कौतुका । प्रश्न करी अतिविशेका । एकचित्तें परियेसा ॥’ ‘देखा’, ‘कौतुका’, ‘अतिविशेका’ यांचे यमक झाले, आणि मोकळ्या चौथ्या चरणात ‘एकचित्तें परियेसा’ येऊन बसले. कथेचा भाग पहिल्या तीन चरणांत सांगून झालेला आहे. चौथ्या चरणात कवी कथेतून क्षणभर बाहेर येतो आणि समोरच्यांकडे पाहून म्हणतो, एकाग्र चित्ताने ऐका. ‘परियेसा’ हा शब्द अशा जागी नेमका बसतो.

याचा दुसरा परिणामही झाला, तो लपवण्याचे कारण नाही. जागा भरायला सोयीचा असलेला शब्द पुन्हापुन्हा वापरला गेला की त्याची धार कमी होते. अनेक ओव्यांत ‘परियेसा’ आणि ‘परियेसीं’ हे केवळ चरण पुरा करण्यासाठी आलेले आहेत, त्यांतून अर्थात फारशी भर पडत नाही. तेथे वाचकाने प्रत्येक वेळी खोल आशय शोधत बसू नये. बोलताना आपण मध्येच ‘बरं का’ म्हणतो, तसेच ते समजावे. मात्र ‘बरं का’ हेसुद्धा आपण समोर कोणी असेल तरच म्हणतो. भरीचा झाला तरी तो शब्द समोर कोणीतरी बसले आहे याची खूण आहे, आणि ही खूण मला मोलाची वाटते.

कारण हे ग्रंथ मुळात ऐकण्यासाठीच रचलेले होते. ज्ञानेश्वरीच्या प्रचलित प्रतींच्या शेवटी असलेली ओवी सांगते की शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, ज्ञानेश्वरांनी टीका केली आणि सच्चिदानंदबाबा आदराने लेखक झाले. ज्ञानेश्वर सांगत होते आणि सच्चिदानंदबाबा लिहून घेत होते, असे हे चित्र आहे. त्या ग्रंथाच्या आत तर ऐकण्याचे थरावर थर आहेत. कृष्ण सांगतो ते अर्जुन ऐकतो. संजय तेच धृतराष्ट्राला ऐकवतो. ज्ञानदेव ते निवृत्तिनाथांसमोर संतसभेला मराठीत सांगतात. या साऱ्यांत धृतराष्ट्राचे उदाहरण मोठे बोधक आहे. नवव्या अध्यायाच्या अखेरीस संजय भारावून बोलत असतो, पण म्हातारा राजा निवांत बसलेला असतो, पुराच्या पाण्यात बसलेला रेडा जसा उठायचे नाव घेत नाही तसा. शब्द त्याच्या कानांवर पडत असतात, पण तो ते परिसत नाही.

‘परिसणे’च्या शेजारचे दोन शब्दही येथेच समजून घ्यावेत, म्हणजे जुन्या मराठीत ऐकण्याची कल्पना कशी होती हे अधिक स्पष्ट होईल. पहिला शब्द ‘अवधारणे’. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात महाभारताची थोरवी सांगताना ‘आतां अवधारा कथा गहन’ असे आवाहन येते. ‘अवधारणे’च्या मुळाशी संस्कृतातील ‘धृ’ हा धातू आहे, म्हणजे धरणे. त्यामुळे अवधारा म्हणजे ऐका आणि ऐकलेले मनात धरून ठेवा. कथेचे विशेषण ‘गहन’ असे असताना तेथे ‘अवधारा’ हा शब्द यावा, हे मला फार समर्पक वाटते.

दुसरा शब्द ‘अवधान’. हे नाम आहे आणि त्याच्या मुळाशी ‘धा’ म्हणजे ठेवणे हा धातू आहे. मन एका जागी ठेवणे म्हणजे अवधान. नवव्या अध्यायाची सुरुवातच त्याने होते: ‘तरी अवधान एकलें दीजे । मग सर्व सुखासि पात्र होईजे । हें प्रतिज्ञोत्तर माझें । उघड ऐका ॥’ तुम्ही फक्त अवधान द्या, म्हणजे सर्व सुखाला पात्र व्हाल, हे माझे प्रतिज्ञेचे बोलणे उघड ऐका, असे ज्ञानदेव म्हणतात. पण इतका मोठा शब्द तोंडून गेल्यावर लगेच पुढच्या ओवीत ते नम्र होतात: ‘परी प्रौढी न बोलें हो जी । तुम्हां सर्वज्ञांच्या समाजीं । देयावें अवधान हे माझी । विनवणी सलगीची ॥’ तुम्हा सर्वज्ञांपुढे मी मोठेपणाने बोलत नाही, ही माझी लाडाची विनंती आहे, असा याचा अर्थ. या दोन्ही ओव्यांत अवधान ‘देण्या’ची गोष्ट आहे, हे लक्षात घ्यावे. ते वक्त्याला हक्काने मिळत नाही, श्रोता ते देतो आणि वक्ता ते मागतो.

अवधान हा शब्द पूर्णपणे गेलेला नाही. तो वेगवेगळ्या रूपांत आपल्या बोलण्यात अजून आहे. ‘अनवधानाने चूक झाली’ असे आपण लिहितो तेव्हा मन ठिकाणावर नव्हते अशी कबुली देतो. एकाच वेळी अनेक गोष्टींकडे लक्ष ठेवणाऱ्या माणसाला आपण अष्टावधानी म्हणतो. ‘सावधान’ या शब्दाचे तर रूप ‘स’ अधिक ‘अवधान’ असे उघड आहे. आज तो धोक्याची सूचना देणारा शब्द झाला असला, तरी मंगलाष्टकांच्या शेवटी ‘शुभमंगल सावधान’ म्हणतात तेव्हा त्याचा मूळ अर्थ ‘लक्षपूर्वक असा’ एवढाच आहे. अवधानाची संतती अशी पसरली, अवधारणे मागे पडले, आणि परिसणे पोथीच्या पानांत राहिले.

ऐकण्याची ही कल्पना किती सूक्ष्म होती, हे ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायातील चकोराच्या दृष्टान्तात दिसते. शरद ऋतूतील चंद्रकलेतील कोवळे अमृतकण चकोराची पिले जशी मवाळ मनाने वेचतात, त्याप्रमाणे श्रोत्यांनी ही कथा चित्ताला अतिशय हळुवारपण आणून अनुभवावी, असे तेथे सांगितले आहे. पुढची ओवी त्याहूनही धाडसी आहे: ‘हे शब्देंवीण संवादिजे । इंद्रियां नेणतां भोगिजे । बोलाआधि झोंबिजे । प्रमेयासी ॥’ शब्द उच्चारला जाण्याआधीच श्रोत्याने अर्थाला जाऊन भिडावे, अशी ही अपेक्षा आहे. सहाव्या अध्यायात तर कानांनाच जिभा फुटतात: ‘ऐका रसाळपणाचिया लोभा । कीं श्रवणींचि होति जिभा’. बोलणे इतके रसाळ की ते चाखण्यासाठी कान जीभ होऊ पाहतात, आणि मग इंद्रियांची आपसांत भांडणे लागतात. समर्थांनी याच गोष्टीची उलटी बाजू पाहिली. दासबोधाच्या चौथ्या दशकात नवविधा भक्तीचा आरंभ श्रवणापासून करणाऱ्या समर्थांनी अठराव्या दशकाचा शेवटचा समास श्रोत्याच्या अवलक्षणांसाठी खर्च केला आहे. ऐकण्याला इतके मोल असल्याखेरीज वाईट श्रोत्यावर कोणी अख्खा समास लिहीत नाही.

आता काही घोटाळे दूर करायला हवेत, कारण ‘परिस’ या अक्षरांशी मराठीत आणखी काही शब्द जोडलेले आहेत. पहिला अर्थातच लोखंडाचे सोने करणारा काल्पनिक दगड, परीस. आजच्या लेखननियमांप्रमाणे त्याचे मूळ रूप दीर्घ ‘री’ने लिहिले जाते, पण विभक्तिप्रत्यय लागताना तो ह्रस्व होतो: परिसाचा, परिसाने. त्यामुळे ‘परिसा’ एवढीच अक्षरे दिसली तर ती दगडाचे सामान्यरूपही असू शकतात आणि ‘ऐका’ या अर्थाचे क्रियापदही. पुढे प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय आहे का, एवढे पाहिले की प्रश्न मिटतो. नामदेवांच्या काळातील परिसा भागवत यांच्या नावातला ‘परिसा’ मात्र ऐकण्याशी निगडित नाही. त्यांच्याकडे परीस होता आणि तो नामदेवांनी चंद्रभागेत टाकला, अशी जी आख्यायिका सांगतात ती त्या दगडाचीच आहे.

दुसरा ‘परीस’ हा तुलना दाखवणारा आहे. ‘बोलण्यापरीस केलेले बरे’ या वाक्यात ‘परीस’ म्हणजे ‘पेक्षा’. जुन्या काव्यात हाही वारंवार येतो आणि काही बोलींत अजून ऐकू येतो. तो नेहमी आधीच्या नामाला किंवा सर्वनामाला चिकटून येतो, म्हणून त्याला ओळखणे सोपे आहे. याशिवाय ‘परिसंवाद’ आणि ‘परिसर’ हे दोन शब्द दिसायला जवळचे आहेत. परिसंवादात ऐकणे असते, म्हणून त्याची व्युत्पत्ती ‘परिसणे’पासून लावण्याचा मोह होऊ शकतो, पण तेथे ‘परि’ हा उपसर्ग ‘संवाद’ला लागलेला आहे. परिसरातही ‘परि’ हा उपसर्गच आहे. या दोघांचा आपल्या क्रियापदाशी संबंध नाही.

आजच्या लेखनात हा शब्द वापरावा का, हा प्रश्न उरतो. निमंत्रणपत्रिकेत ‘व्याख्यान परिसावे’ असे लिहिण्याच्या मी विरोधात आहे, कारण तेथे शब्दाचा अर्थ पोहोचत नाही, फक्त जुनेपणाचा रंग चढतो. जुन्या कथेचे निरूपण करताना, ओवीच्या वळणाने काही रचताना, किंवा कीर्तनातून श्रोत्यांना साद घालताना मात्र ‘परिसा’ म्हणणे शोभते, कारण तेथे सांगणारा आणि ऐकणारा समोरासमोर असतात आणि हा शब्द त्याच नात्यातून आलेला आहे. वापरायचाच असेल तर अनेकवचनी ‘परिसा’ किंवा ‘परिसावे’ ही रूपे बरी. एकवचनी आज्ञार्थ आजच्या नियमाने लिहायला गेलो, तर ‘शिकणे’चे ‘शीक’ होते तसे ‘परिसणे’चे ‘परीस’ होईल, आणि वाचणाऱ्याला पुन्हा तो दगडच आठवेल. ‘री’ दीर्घ काढून ‘परीसा’, ‘परीसावे’ असे लिहिलेलेही कधी कधी दिसते, ते चूक आहे.

पोथी मोठ्याने वाचणाऱ्यासाठी एक सूचना उपयोगी पडेल. अध्यायाच्या शेवटची ओवी पाठ असल्यामुळे ती बहुधा घाईने म्हटली जाते, पुस्तक मिटायच्या बेताला आलेले असते आणि ‘परिसोत सज्जन अखंड’ हे शब्द एका दमात निघून जातात. ‘परिसोत’वर क्षणभर थांबून पुढे ‘सज्जन अखंड’ म्हटले, तर कर्ता कोण आणि क्रिया कोणती हे कानांनाच कळते. त्या ओळीतले सज्जन म्हणजे त्या वेळी समोर बसून ती पोथी ऐकणारी माणसेच असतात.